मुखपृष्ठावरची तिकीटखिडकी: पणजीतल्या विद्यार्थ्यांच्या चित्रपट-अंकाचं परीक्षण

इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, 2004 पासून गोव्यात भरतो आणि दर नोव्हेंबरात पणजीत सिनेमावरची पत्रकं, पुस्तिका, अंक ढिगाने हाती पडतात. त्यांच्या कव्हरांवर महोत्सवाच्या चिन्हातला मोर नाहीतर शूटिंगचा क्लॅप, ते नसलं तर माडाच्या झावळ्या. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी काढलेल्या या मराठी अंकाने (ए-फोर आकार, 48 पानं, पिनबांधणी) तिन्ही टाळलं आहे. मुखपृष्ठावर आहे ती बंद पडलेल्या एकपडदा थिएटरची तिकीटखिडकी. निळा चुना उडून खालचा चिरा उघडा पडलेला, पैसे सरकवायची फळी मधोमध झिजलेली, आणि खिडकीच्या काळोखातून बाहेर आलेला एक हात, चिमटीत तिकीट. चेहरा कुठेच नाही. गोव्यात सिनेमा बघत वाढलेल्या माणसाला ही जागा सांगावी लागत नाही.

चित्र धारदार छापलं गेलंय, कारण ते कव्हरसाठी वेगळं टिपलेलं आहे. बहुतेक विद्यार्थी आपल्याच लघुपटाची एखादी फ्रेम उचलतात आणि तिथेच फसतात. ए-फोरला चारी बाजूंनी 3 मिमी ब्लीड (छापून झाल्यावर कापून टाकायची जादा कड) धरला की कागद 216 × 303 मिमी होतो. 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) त्याला साधारण 2551 × 3579 पिक्सेल लागतात. 1920 × 1080 च्या आडव्या फ्रेममधून उभा तुकडा कापला तर हाती फक्त 90 डीपीआय उरतो, फोर-केमधूनही 180 च्या आसपासच. शिवाय सेकंदाला 24 फ्रेमच्या चित्रणात शटर सहसा सेकंदाच्या 1/48 भागाइतका उघडा असतो. पडद्यावर ती हालचाल सुरेख दिसते, पण छापल्यावर हलता हात पुसट होतो. म्हणून शूटिंगच्या दिवशीच कॅमेरा उभा धरून, 1/200 किंवा त्याहून वेगवान शटरने कव्हरची छायाचित्रं काढून ठेवावीत. वरचा चौथा हिस्सा अंकाच्या नावासाठी मोकळा सोडावा.

डाव्या कडेने फिल्मची पट्टी उभी सोडली आहे. एरवी असली पट्टी म्हणजे सजावटीचा घासून गुळगुळीत झालेला प्रकार, पण ही नीट बघण्यासारखी आहे. 35 मिमीच्या सिनेमा-फिल्मला एका फ्रेमला दोन्ही बाजूंना चार-चार छिद्रं असतात. तयार चित्रांमध्ये ती पाच, सहा, वाटेल तितकी काढलेली असतात, नाहीतर स्थिरचित्राच्या कॅमेऱ्याची आडवी, आठ छिद्रांची फ्रेम उभी करून चिकटवलेली असते. इथे चारच आहेत, आणि चित्राच्या एका बाजूला ध्वनीच्या रेषेसाठी अरुंद पट्टाही सोडलेला आहे, त्यामुळे फ्रेम पट्टीच्या मधोमध नाही. ज्यांनी खरी फिल्म हातात धरली आहे त्यांचं काम असंच दिसतं.

रंगही विचार करून ठरवलेत. छपाईत निळा हटकून जांभळ्याकडे झुकतो, कारण सायनच्या (आकाशी शाईच्या) जोडीला मॅजेंटा (गडद गुलाबी) फार चढतो. दोघांत निदान 30 टक्क्यांचं अंतर ठेवलं की निळा निळाच राहतो, आणि इथली भिंत निळी राहिली आहे. खिडकीतला काळोख चौरंगी काळ्याचा, म्हणजे चारही शाया एकावर एक छापून केलेल्या काळ्याचा आहे. नुसत्या 100 टक्के काळ्याने एवढा मोठा भाग राखाडी दिसला असता. सायन 60, मॅजेंटा 40, पिवळा 40 आणि काळा 100 अशी शाईची बेरीज 240 टक्के होते, आर्ट कार्डाला (गुळगुळीत जाड कागदाला) ती सहज झेपते. मात्र त्याच काळोखावर आठ पॉइंटात पांढरी ओळ सोडलीय, ती चूक आहे. चार रंगांच्या प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी अनुस्वार बुजतात, आणि तसे ते बुजलेही आहेत. अशी ओळ दहा पॉइंटाच्या वर आणि ठळक वजनात असावी, आणि तिच्या पाठीमागे फक्त काळी शाई ठेवावी.

खरी तक्रार अक्षरांची आहे. अंकाचं नाव हाताने रेखाटलेलं आहे, जाड, छिन्नीने कोरल्यासारखं, आणि अतिशय देखणं. पण खिडकीवरचा छज्जा त्या नावावर चढवलाय आणि दुसऱ्या अक्षराचा उकार त्याखाली गेला आहे. इंग्रजी मासिकांत नटाचं डोकं नावावर येतं, ते तिथे चालतं, कारण रोमन कॅपिटलचा खालचा थोडा भाग झाकला तरी शब्द बहुतेक वेळा कळतो. देवनागरी तीन मजल्यांची लिपी आहे. वर वेलांटी-मात्रा, मध्ये अक्षर, खाली उकार. खालचा मजला झाकला की शब्दच वेगळा होतो. छज्जा आठ-दहा मिमी खाली घेतला असता तर काहीच बिघडलं नसतं.

मुख्य ओळीत अक्षरांमधली जागा वाढवल्यामुळे शिरोरेखा जागोजागी तुटली आहे. देवनागरीत ट्रॅकिंग, म्हणजे ही वाढीव जागा, शून्यच ठेवायचं. ओळ रुंद हवी असेल तर मुळातच रुंद फाँट निवडावा. ओळींतलं अंतरही रोमनच्या सवयीने अक्षराच्या 120 टक्के ठेवलंय, म्हणून वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर टेकतो. 140 ते 150 टक्के तरी हवं. सगळ्यात खुपणारी गोष्ट म्हणजे ‘दुसऱ्या’ हा शब्द ‘दुसर्या’ असा छापलाय. ‘र’ आणि ‘य’ साध्या हलन्ताने जोडले की रफार येतो, तो टाळायला नुक्त्याचा ‘ऱ’ टाइप करावा लागतो. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर (देवनागरीसारख्या लिपी नीट जुळवणारी सोय) सुरू करून भाषा मराठी निवडावी, म्हणजे सोय असलेल्या फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ सुद्धा मराठी वळणाचे येतात. पीडीएफ छापखान्यात जाण्याआधी मुखपृष्ठाची एक प्रत पूर्ण आकारात छापून ज्याने मांडणी केलेली नाही अशा कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावी. दहा मिनिटांचं काम आहे.

आता कागद. कार्ड चांगलं जाड आहे, लॅमिनेशन मॅट आणि एकाच बाजूला. नोव्हेंबरात ते सपाट राहील, जूनमध्ये राहणार नाही. गोव्याच्या पावसाळी हवेत कार्डाची उघडी बाजू दमट होऊन फुगते, प्लॅस्टिकची बाजू तेवढीच राहते आणि कव्हर बाहेरच्या अंगाला वळतं. कागदाचे तंतू घडीला समांतर ठेवले तर घडीवर शाई कमी तडकते. छापखान्याला हे आधीच, ऑर्डर देताना सांगावं लागतं, कारण कागद कापून झाला की उपाय नसतो. थोडा जास्त खर्च परवडत असेल तर सपाट राहणारी नायलॉनची फिल्म मागावी.

मलपृष्ठावर तेच तिकीट उलट्या बाजूने, मोठं करून छापलंय आणि मागच्या कोऱ्या जागेत छायाचित्राचं श्रेय व किंमत बसवलीय. अंक टेबलावर पालथा पडला तरी कोणाचा आहे ते ओळखू येतं. या मुखपृष्ठासाठी अंक जरूर विकत घ्यावा, आणि पुढच्या अंकाच्या मुलांनी आपल्या खिडकीइतक्याच मायेने उकाराकडेही बघावं.