किडनी प्रत्यारोपण: पूर्ण भूल घ्यावी की पाठीतून?

यकृत, हृदय किंवा फुप्फुसाचं प्रत्यारोपण असेल तर पूर्ण भूलच द्यावी लागते, तिथे निवडीला फारसा वाव नाही. किडनीच्या दात्याचंही बहुधा तसंच. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, त्याचा दाब फुप्फुसांवर येतो; म्हणून दात्याला श्वासनलिकेत नळी घालून झोपवतात. प्रश्न उरतो तो किडनी घेणाऱ्याचा.

पाठीतल्या भुलीचे, म्हणजे मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करण्याचे, फायदे खरे आहेत. घशात नळी नको, फुप्फुसांना त्रास कमी, नंतरचे काही तास वेदनाही कमी. एकट्या स्पायनलचा (मणक्यातल्या एकाच इंजेक्शनचा) असर शस्त्रक्रिया संपण्याआधीच उतरू शकतो. पण सोबत एपिड्युरलची, म्हणजे पाठीतून औषध देत राहण्याची, बारीक नळी ठेवली तर भूल हवी तितकी लांबवता येते.

तरीही माझा कल पूर्ण भुलीकडे आहे, तो दोन कारणांनी. किडनी निकामी झालेल्यांच्या रक्तातल्या प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) मोजणीत पुरेशा दिसतात, पण काम नीट करत नाहीत. त्यात नुकतंच डायलिसिस झालं असेल तर हेपॅरिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा, अंमलही असू शकतो. अशा वेळी मणक्यात सुई घातली आणि आत रक्त साठलं तर मज्जारज्जूवर दाब येतो. हे क्वचित घडतं, पण घडलं तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. दुसरं कारण रक्तदाबाचं. पाठीतल्या भुलीने रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. नव्या किडनीच्या रक्तवाहिन्या जोडून चिमटे सोडले, की रक्त जोराने आत शिरायला हवं. त्या काही मिनिटांत दाब पडलेला असणं किडनीला परवडत नाही.

पूर्ण भुलीलाही धोके आहेत. जुना मधुमेह असेल तर उपाशी राहूनही पोट रिकामं झालेलं नसतं आणि पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून नळी झटपट घालावी लागते. त्यासाठी स्नायू झटकन शिथिल करणारं सक्सामेथोनियम हे औषध रक्तातलं पोटॅशियम लिटरमागे साधारण ०.५ मिलिइक्विव्हॅलंटने वाढवतं. ते आधीच चढलेलं असेल तर दुसरं औषध निवडतात. स्नायू शिथिल ठेवायला अॅट्राक्युरियम किंवा सिसअॅट्राक्युरियम चांगलं, कारण ते मुख्यतः शरीराच्या तापमानाने आणि रक्ताच्या सामूनेच (आम्लतेच्या पातळीने) विघटित होतं, किडनीची वाट पाहत नाही.

वायूने झोपवावं की शिरेतून प्रोपोफॉल देऊन, यावर मात्र फार डोकं शिणवू नका. सेव्होफ्ल्युरेन या भुलीच्या वायूपासून तयार होणाऱ्या एका घटकाने उंदरांच्या किडनीला इजा झाली होती. माणसात तसं नुकसान सिद्ध झालेलं नाही. मळमळीचा जुना त्रास असेल तर प्रोपोफॉल बरं. त्यापेक्षा फिस्टुलाचा (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेला) हात कोणता ते आधीच ठासून सांगा. त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा नाही, सुई टोचायची नाही, तो अवघडू नये म्हणून खाली मऊ गादी ठेवायची, आणि भूल उतरल्यावर त्यातली थरथर हाताला लागते का ते तपासायचं.

फुप्फुसं फारच कमजोर असतील, रक्त गोठण्याच्या तपासण्या ठीक असतील आणि भूलतज्ज्ञाचा हात बसलेला असेल, तर पाठीतली भूल मीही सुचवीन. बाकीच्यांना वेदनेसाठी तिची गरज नाही. पोटाच्या भिंतीतल्या नसांना बधिर करणारं इंजेक्शन आणि फेंटानिल हे वेदनाशामक यांवर भागतं. मॉर्फिन मात्र जपून, कारण नवी किडनी कामाला लागेपर्यंत त्याचे अंश शरीरात साठतात आणि श्वास मंदावतो.