आमच्या खोलीची किल्ली कोथरूडला होती

आधी माझं सांगतो, म्हणजे पुढचं कुठल्या नजरेनं लिहिलंय ते कळेल. कोल्हापुरात एसटी स्टँडच्या मागं एका लॉजच्या काउंटरवर मी १९९७ ते २०२३ अशी २६ वर्षं बसलो. बत्तीस खोल्या, दोन रूमबॉय, एक वॉचमन आणि मी. पाठीमागं किल्ल्यांचा बोर्ड, पुढ्यात रजिस्टर. त्यामुळं कुठल्याही हॉटेलात शिरलो की आधी माझी नजर काउंटरकडं जाते. पुण्यातल्या ज्या नव्या हॉटेलाबद्दल सांगतोय, तिथं शिरलो तर काउंटरच नाही.

पुतण्याचा साखरपुडा बाणेरला होता. त्यानंच आम्हा दोघांसाठी मोबाईलवरून दोन रात्रींची खोली घेतली. हायवेच्या सर्व्हिस रोडवरचं नवं हॉटेल, रात्रीला ४२०० आणि वर ५ टक्के जीएसटी. टक्के स्वस्त झालेत हे मान्य. १८ जुलै २०२२ला हजाराच्या आतल्या खोलीलाही १२ टक्के लागला, तेव्हा रोज एक तरी पार्टी माझ्याशी भांडून जायची. सप्टेंबर २०२५मध्ये साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांचा ५ झाला, तोवर मी घरी बसलेलो.

हॉटेलचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर आधी त्या रात्रपाळीच्या पोराला बोलावून घेतील, आणि त्याची काही चूक नव्हती. तसंही अशी हॉटेलं आता सगळीकडं निघालीत, तुम्हाला ओळखायला अडचण येणार नाही.

काउंटरच्या जागी उभे दोन टीव्ही. त्यावर बोट लावायचं, बुकिंगचा नंबर टाकायचा, आधार कार्ड काचेवर धरायचं, कॅमेऱ्याकडं बघायचं. मी झाकलेलं आधार नेलं होतं, म्हणजे पहिले आठ आकडे लपवलेले आणि शेवटचे चारच दिसतात ते. तसंच द्यावं, मी काउंटरवर असताना माझ्या गिऱ्हाइकांनाही सांगायचो. मशीनला ते पटेना. तीनदा धरलं, तीनदा 'पुन्हा प्रयत्न करा'. मग बाजूला उभा असलेला टीशर्टवाला मुलगा आला, त्यानं आपल्या टॅबवर माझं नाव टाइप केलं आणि काम झालं. म्हणजे माणूस आहेच. फक्त त्याला खुर्ची दिलेली नाही, आठ तास उभा.

आमच्या रजिस्टरात 'कुठून आलात, कुठं जाणार, कारण काय' असे रकाने असायचे. पोलीस बघायला यायचे. पन्हाळा बघायला एखादा परदेशी पाहुणा आला, तर २४ तासांत सी-फॉर्म, म्हणजे त्याच्या माहितीचा कागद, द्यावा लागायचा. मी कागद घेऊन धावायचो, नंतर तेही ऑनलाइन झालं आणि माझी पायपीट वाचली. त्यामुळं मशीन आलं की वाईटच, असं म्हणणारा मी नाही. पण 'कारण काय' विचारताना समोरच्याचा चेहरा दिसायचा. कुणाला दवाखान्यासाठी खोली हवी आहे ते कळलं की मी तळमजल्यावरची द्यायचो. हिचे गुडघे दुखतात हे मशीननं विचारलं नाही. आम्हाला सातवा मजला मिळाला. लिफ्ट आहे म्हणून चाललं.

आता किल्ली. बुकिंग पुतण्याच्या नंबरवर होतं, त्यामुळं मोबाईलची किल्ली त्याच्या फोनवर गेली. तो कोथरूडला घरी, आम्ही सातव्या मजल्यावर दारापाशी. मग परत खाली, परत तो टीशर्टवाला, आणि एक प्लॅस्टिक कार्ड. एकच. 'काका, दुसरी किल्ली फोनवर आहे ना,' असं तो म्हणाला. हे 'एकच' लक्षात ठेवा, पुढं त्यानंच घात केला.

पण कुलूप मात्र मला मनापासून आवडलं. या कार्डाच्या कुलपाची मूळ कल्पना नॉर्वेच्या तोर सॉर्नेस यांची, १९७०च्या दशकातली. तेव्हा कार्डाला भोकं पाडलेली असायची, मग काळी पट्टी आली, आता आत चिप असते. पुष्कळांना वाटतं की दार वायरीनं खाली कॉम्प्युटरला जोडलेलं असतं. बहुतेक ठिकाणी तसं नसतं. दारातल्या कुलपाला आपलं घड्याळ असतं आणि आत पेन्सिल सेल असतात. खोली कुठली आणि मुदत कधीपर्यंत, हे कार्डावर लिहिलेलं असतं. नव्या पार्टीचं कार्ड दाराला लागलं की जुनं आपोआप बाद. आमच्याकडं पितळी बिल्ल्याची किल्ली घेऊन पार्टी नरसोबाच्या वाडीला गेली की ती तिथूनच गावाला जायची. मग कुलूपवाल्याला बोलवा, लिव्हर बदला, वर मालकाची बोलणी खा. जुन्या पार्टीनं त्या किल्लीची नक्कल केली असेल का, या धास्तीनं मी कितीदा रात्री जागलोय. ती धास्ती या कार्डानं संपवली. याचे पाचपैकी पाच.

आत दाराशेजारी कार्ड ठेवायचा खाचा, कार्ड ठेवलं की लाईट. हा प्रकार आमच्याकडंही २०१२च्या सुमारास आला होता, पण साधा. आत नुसतं बटण दाबलं जायचं. त्यामुळं पार्ट्या त्यात कुणाचंही व्हिजिटिंग कार्ड खुपसून एसी चालू ठेवून अंबाबाईच्या दर्शनाला जायच्या. बिल मालकाला. इथं मी जुन्या सवयीनं एसटीचं स्मार्ट कार्ड घालून बघितलं. लाईट लागेना. चिप वाचतं ते, हुशार आहे. मनात म्हटलं, बरोबर केलंय.

संध्याकाळी ही आंघोळीला गेली. प्यायला कोमट पाणी हवं म्हणून मी खाली निघालो. परत दार उघडायला कार्ड लागणार, म्हणून खाच्यातलं काढून खिशात घातलं आणि लिफ्टशी गेलो. लिफ्ट यायच्या आत आमच्या खोलीतून हाक. हाक कसली, आरोळी. कार्ड काढल्यावर अर्ध्या मिनिटात खोलीतले सगळे दिवे जातात. ही साबण लावलेली, ओल्या फरशीवर, मिट्ट काळोखात, आणि बाथरूमला खिडकी नाही. मी धावत आलो. ती भिंत धरून उभी होती, पडली नाही हे नशीब. माझ्याशी जेवणापर्यंत बोलली नाही, आणि बोलली ती एवढंच, 'तुमच्या लॉजात असं झालं असतं तर?' आमच्या लॉजात बाथरूमचा दिवा त्या खाच्याला जोडलेलाच नव्हता. वायरमननं विचारलं होतं, मी नको म्हटलं होतं. एका दिव्याचा प्रश्न आहे हो. सातव्या मजल्यापर्यंत सगळं हुशार केलं, तो एक दिवा वेगळा काढायचं कुणाला सुचलं नाही.

दुसरं कार्ड त्या मुलानं लगेच दिलं. मागितल्यावर.

पलंगाशेजारी बोलका डबा होता. 'लाईट बंद कर' म्हटलं की बंद करतो म्हणे. हिंदीत सांगितलं की ऐकायचा, मराठीत सांगितलं की इंग्रजीत माफी मागायचा. हिनं त्याची वायर काढली आणि वर नॅपकिन टाकला. 'आपलं बोलणं ऐकत बसतंय' म्हणाली. या बाबतीत मी तिच्या बाजूनं आहे. माझ्या लॉजातल्या रूमबॉयला मी पहिल्या दिवशी सांगायचो की खोलीतलं ऐकलेलं खोलीत ठेव.

आता रात्रीची गोष्ट. अडीच वाजता घामानं जाग आली. एसी बंद. मी उठून बसलो तर तो आपोआप सुरू. आडवा झालो, डोळा लागला, परत घाम. तिसऱ्यांदा मला उमगलं. छताला पांढरी वाटी उपडी चिकटवल्यासारखं काहीतरी होतं, माणूस आहे की नाही बघणारं सेन्सर. ते नुसतं माणूस बघत नाही, हलणारी ऊब बघतं. तरुण पोरं झोपेत लोळतात, फोन बघतात, त्यांचं चालून जात असेल. आम्ही दोघं साठीच्या पुढची, पांघरूण गळ्यापर्यंत घेऊन लाकडासारखी झोपणारी. त्याच्या हिशेबानं खोली रिकामी. मी अंथरुणावरून छताकडं हात हलवत राहिलो. हिला जाग आली, म्हणाली, 'कुणाला टाटा करताय?'

खोलीत फोन नाही. टॅबवर लिहायचं. लिहिलं. 'आपली विनंती नोंदवली आहे, आपला दिवस आनंदात जावो.' रात्री पावणेतीनला. दहा मिनिटांनी परत लिहिलं, परत दिवस आनंदात जावो. शेवटी मी बनियनवर खाली गेलो, कार्ड खाच्यातच ठेवून, दुसरं बरोबर घेऊन. एवढं शिकलो होतो.

खाली रात्रपाळीचा मुलगा होता, मेन्टेनन्सचा, आयटीआय झालेला, लातूरकडचा. मी 'एसी' म्हणताच त्यानं खोली नंबर न विचारता स्टूल उचललं. वर आल्यावर स्टूल लागलंच नाही. भिंतीवरच्या एसीच्या पट्टीची दोन बटणं त्यानं दाबून धरली, काहीतरी आकडा बदलला आणि म्हणाला, 'झालं, आता सकाळपर्यंत चालू राहील.'

'हे रोजचंच काय?'

'रोज तीन-चार खोल्या, काका. म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं असली की हमखास.'

'मग कायमचं का काढत नाही?'

'वरनं सांगितलंय, विजेचं बिल वाढतं.'

यात मालकालाही मी सरसकट दोष देणार नाही. रिकाम्या खोलीत चाललेल्या एसीचं बिल कसं असतं ते मला माहीत आहे, मार्च-एप्रिलचं बिल हातात घेतलं की मालकाचा चेहरा बघवायचा नाही. पण यावर साधा इलाज आहे आणि तो त्या मुलालाही ठाऊक होता. दाराच्या चौकटीला एक चुंबकाची पट्टी असते. दार लागल्यावर आत एकदा जरी हालचाल दिसली, तर पुन्हा दार उघडेपर्यंत आत माणूस आहे असं धरायचं. दार न उघडता माणूस जाणार कुठं? ती पट्टी या हॉटेलात प्रत्येक दाराला आहे. सेन्सरशी तिची गाठ घालून द्यायची राहिली आहे. सामान विकणारा सामान लावून गेला, इथं खोलीत झोपतं कोण हे कुणी बघितलं नाही. झोपेत डोळा उघडा ठेवणारा वॉचमन मी बघितलाय, झोपलेल्याला हजेरीतून उडवणारा पहिल्यांदा बघितला.

जपानात नागासाकीकडं २०१५मध्ये यंत्रमानवांनी चालवलेलं एक हॉटेल निघालं होतं, ते मी तेव्हा वाचून कात्रण ठेवलं होतं. तिथं खोलीतली बाहुली पाहुण्याच्या घोरण्याला बोलणं समजायची आणि त्याला उठवून विचारायची की आपण काय म्हणालात. २०१९मध्ये त्यांनी अडीचशेच्या आसपास यंत्रांपैकी निम्म्याहून जास्त काढून टाकली. त्या मानानं आमची वाटी गरीब. निदान बोलत नव्हती.

टीव्हीवर आधीच्या पार्टीचं खातं उघडंच राहिलं होतं. नाव, त्यांनी अर्धवट बघितलेल्या मालिका, मुलांची कार्टून, सगळं समोर. खोली साफ करणाऱ्या बाईंना चादर बदलायला सांगितलेलं असतं, हे पुसायला कुणी सांगितलेलं नसणार. आमच्या कपाटात विसरलेल्या वस्तू असायच्या. चष्मे, पंचे, एकदा तर कवळी. ती परत करता यायची. मी बराच वेळ रिमोट दाबत बसलो आणि त्या अनोळखी माणसाला टीव्हीतून बाहेर काढलं. तुम्ही अशा हॉटेलात टीव्हीवर आपलं खातं उघडलंत, तर निघताना ते बंद करा बाबांनो.

जेवण, नाश्ता याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पोहे गार, इडली बरी. चहा कोडवर फोन धरून मागवायचा, १२० रुपये, आणि साखर कमी हे लिहायला जागाच नाही. दुसऱ्या सकाळी लातूरचा तो मुलगा पाळी संपवून निघाला होता, त्यानं जाता जाता हिला हायवेपलीकडच्या टपरीचा रस्ता दाखवला. तिथला चहा पंधरा रुपयांचा आणि कमी साखरेचा.

निघताना मात्र झटपट. टॅबवर एक बटण दाबलं, बिल पुतण्याच्या मेलवर गेलं. काउंटरवर ताटकळणं नाही, 'खोली बघून येतो, थांबा' नाही. माझ्या काळात रूमबॉय टॉवेल मोजून खाली येईपर्यंत पार्टीची गाडी सुटायची वेळ व्हायची आणि शिव्या मला बसायच्या. हे उत्तम जमवलंय, यालाही पूर्ण मार्क.

जाणार असाल तर बुकिंग जो राहणार त्याच्याच नंबरवर करा. दोन कार्डं आधीच मागा. घरातलं कुणी वयस्क बरोबर असेल तर झोपायच्या आधीच एसीचं ते सेटिंग बदलून घ्या, रात्री अडीचची वाट बघू नका. बाथरूममध्ये मोबाईल नेऊन ठेवा, बॅटरीच्या उजेडासाठी. मी एकूण पाचपैकी तीन देतोय. ही दीड म्हणते.

स्वारगेटहून कोल्हापूरची बस गाठायची होती. आमच्या दोघांचंही अर्धं तिकीट, त्यामुळं एसटीच. बॅगा घेऊन लिफ्टकडं जाताना शेजारच्या ७०४च्या कुलपावर लाल दिवा लुकलुकताना दिसला. सेल संपत आले की तो लागतो. खाली त्या टीशर्टवाल्याला सांगितलं की ७०४चे सेल बदलून घे, नाहीतर रात्री कुणीतरी बाहेर अडकेल. त्यानं टॅबवर बोट फिरवलं.

'काका, सिस्टीममध्ये तर ओके दाखवतंय.'

'अरे, वर जाऊन दार बघ.'

'बघतो,' म्हणाला, आणि परत टॅबकडं बघितलं. आमची रिक्षा आली होती.