‘नेक्स्ट’ दाबत दाबत नीतिमत्ता: आमच्या ऑफिसातल्या एथिक्स कोर्सचा रिव्ह्यू

दरवर्षी एचआरचा मेल येतो: ३० तारखेच्या आत एथिक्सचा ऑनलाइन कोर्स पूर्ण करा, नाहीतर लॉगिन बंद. यंदा जुना कोर्स गेला आणि दुसऱ्या कंपनीचा आला. सात भाग, साधारण दोन तास, शेवटी २५ प्रश्न, पास व्हायला ८० टक्के. जोडीला त्याच कंपनीची तक्रारींची हॉटलाइन. मी १७ वर्षं परचेसला आहे, म्हणजे या असल्या कोर्सांमधली कायमची खलनायिका. पाकीट घेताना जो माणूस दाखवतात तो हमखास आमच्याच खात्याचा असतो. म्हणून यंदा ठरवलं, आवाज बंद करून नेक्स्ट दाबत बसायचं नाही, वही घेऊन नीट बघायचं. कोर्सवाल्यांचं नाव लिहीत नाही. ज्यांच्या वाट्याला तो आलाय ते पहिल्या चित्रावरूनच ओळखतील: हस्तांदोलन करणारे दोन हात आणि मागे उगवता सूर्य.

आधी भाषा. कोर्स मराठीत मिळतो म्हणून कौतुकाने मराठी निवडलं आणि तिसऱ्या मिनिटाला वाचलं, ‘शंका आल्यास व्यवस्थापकापुढे लाल झेंडा उंच करा.’ पुढे ‘शिट्टी फुंकणाऱ्यास संरक्षण दिले जाईल’, म्हणजे ‘व्हिसलब्लोअर’, गैरप्रकाराची खबर देणारा, याचं शब्दाला शब्द भाषांतर. आमच्या स्टोअरमधल्या एकाने खरंच विचारलं, ही शिट्टी सिक्युरिटीवाल्यांसाठी आहे का? ज्या माणसाला हे सगळ्यात जास्त उपयोगी पडायचं, गेटवर माल मोजून घेणाऱ्याला, त्यालाच ते कळत नाही. भाषांतर मशीनकडून करून घेतलं असेल तर निदान एखाद्या माणसाला वाचायला तरी द्यायचं.

बरं, पहिल्याच स्क्रीनवर एक शपथ आहे. ‘मी सर्व उत्तरे प्रामाणिकपणे देईन’, खाली सही म्हणून नाव टाइप करायचं. बाजूला चौकटीत बारीक अक्षरात लिहिलंय, की आधी सही घेतली तर माणूस जास्त खरं बोलतो असं संशोधनात दिसून आलं आहे. इथे मी थबकले, कारण हे प्रकरण मला माहीत होतं. तो अभ्यास २०१२ सालचा. फॉर्मच्या तळाशी सही घेण्याऐवजी वर घेतली तर लोक कमी खोटं बोलतात, असा त्याचा निष्कर्ष. तो खूप गाजला, काही ठिकाणी फॉर्मांवरच्या सह्या वरही सरकल्या. २०२० मध्ये त्याच संशोधकांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला तर परिणाम मिळाला नाही. २०२१ मध्ये दुसऱ्या काही अभ्यासकांनी त्यातल्या एका प्रयोगाची मूळ एक्सेल फाइल उघडली. गाड्या किती चालल्या याचे आकडे होते त्यात, आणि निम्मे एका फॉन्टमध्ये तर निम्मे दुसऱ्या फॉन्टमध्ये! आकडे बनावट आहेत हे उघड झालं आणि त्याच वर्षी तो लेख मागे घेतला गेला. प्रामाणिकपणावरच्या अभ्यासातच लबाडी. त्यानंतर इतकी वर्षं झाली तरी नीतिमत्ता शिकवायचे पैसे घेणाऱ्यांनी तीच चौकट तशीच ठेवलीय. मी शपथेवर सही केली, दुसरा मार्गच नव्हता. त्याशिवाय नेक्स्ट उजळत नाही.

भेटवस्तू आणि लाच हा तिसरा भाग वीस मिनिटं चालतो. पाच मिनिटांत उरकता आला असता. त्यातला व्हेंडर डोळे बारीक करून हसतो, पाकीट टेबलावरून सरकवतो, पार्श्वसंगीत वाजतं. १७ वर्षांत माझ्यासमोर असं पाकीट दोनदा आलं आणि दोन्ही वेळा नाही म्हणणं सोपं गेलं. समोरचा माणूस परका होता, त्याचं तोंड पुन्हा बघायचं नव्हतं. अडचण परक्यांशी होत नाही.

पाचव्या भागात मात्र कोर्सने मला पकडलं. प्रसंग असा: वर्षअखेर, संध्याकाळ, माल रस्त्यात आहे. साहेब म्हणतात, ‘आजच्या तारखेत माल मिळाल्याची नोंद करून टाक, सकाळी गाडी येणारच आहे.’ हे लिहिणारा कधीतरी स्टोअरमध्ये बसलेला असणार. साहेब त्यात ओरडत नाहीत, धमकावत नाहीत. नुसते घड्याळाकडे बघतात.

माझ्या बाबतीत हे सातव्या वर्षी घडलं. बजेट त्या दिवशी संपणार होतं, उरलेली रक्कम दुसऱ्या दिवशी परत गेली असती. साहेब माणूस म्हणून चांगला. माझी आई आजारी होती तेव्हा महिनाभर त्यांनी मला लवकर घरी सोडलं, रजेत एक दिवस धरला नाही. त्यांना नाही कसं म्हणायचं? मी जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, करून टाकला. गेट एंट्रीचा नंबर रिकामा ठेवता येत नव्हता, म्हणून आदल्या दिवशीच्या दुसऱ्या गाडीचा टाकला. गाडी सकाळी आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली आणि ११ खोकी कमी निघाली. कागदावर तर सगळा माल आमच्याकडे जमा! मग ती ११ खोकी ‘खराब म्हणून परत पाठवली’ असं दाखवावं लागलं. त्यासाठी क्वालिटीच्या माणसाची रिजेक्शनवर सही हवी, त्याने न बघितलेल्या मालावर. त्याने माझ्याकडे बघितलं आणि सही केली. तो काही बोलला नाही, हे मला अजून टोचतं. एक पैसा कुणी खिशात घातला नव्हता, पण तीन माणसं खोटी ठरली होती.

कोर्समध्ये या प्रसंगाला चार पर्याय आहेत. नोंद करा, नकार द्या, सहकाऱ्याचा सल्ला घ्या, हॉटलाइनला कळवा. बरोबर उत्तर हॉटलाइन. मी ‘नकार द्या’ निवडलं तर लाल फुली आली. आता सांगा, ज्या साहेबांसोबत रोज आठ तास बसायचं त्यांच्या पहिल्याच चुकीच्या वाक्यावर कोण फोन उचलून तक्रार करेल? आधी तोंडानेच काहीतरी बोलावं लागतं, आणि तेच वाक्य हा कोर्स शिकवत नाही. माझं मी तयार केलंय: ‘सर, गेट एंट्रीशिवाय मी जीआरएन करत नाही. करायचाच असेल तर मला मेलवर तसं लिहून द्या.’ आवाज न चढवता, शक्यतो कीबोर्डवरून हात न उचलता म्हणायचं. त्यानंतर आजवर एकही मेल आलेला नाही. आलाच असता तर मी काय केलं असतं, हे मात्र मला विचारू नका.

जगप्रसिद्ध घोटाळ्यांच्या भागावर माझा राग आहे. एन्रॉन या अमेरिकेतल्या ऊर्जा कंपनीवर चार स्लाइड आणि सगळ्या ‘हावरट अधिकारी’ या दोन शब्दांत गुंडाळलेल्या. एन्रॉनकडे ६४ पानांची नीतिसंहिता होती, जुलै २००० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांच्या प्रस्तावनेसह कर्मचाऱ्यांना वाटलेली, आणि डिसेंबर २००१ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. हे सांगितलं असतं तर गंमत आली असती, पण मग नीतिसंहिता विकणाऱ्यांचं अवघड झालं असतं. वेल्स फार्गो या अमेरिकन बँकेच्या स्लाइडवर तर ‘कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत खाती उघडली’ एवढंच. २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलर दंड झाला तेव्हा बँकेने सुमारे ५,३०० माणसं काढल्याचं बाहेर आलं. पण त्या माणसांना दिलेलं टार्गेट कुठून आलं होतं? एका ग्राहकाच्या गळ्यात आठ-आठ प्रॉडक्ट मारायची, हा आग्रह वरून होता. २०२० मध्ये त्याच प्रकरणात बँकेने आणखी ३०० कोटी डॉलर देऊन तडजोड केली. कोर्समध्ये ‘टार्गेट’ हा शब्द एकदाही येत नाही. मी मोजलं. ‘सचोटी’ ४१ वेळा येतो.

परीक्षेबद्दल फार लिहीत नाही. २५ प्रश्न, सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर ‘क अ ड ड ब’ अशी पूर्ण माळ फिरली आणि अकाउंट्समधल्या एका उत्साही पोराने सहा जणांचे लॉगिन घेऊन सगळ्यांना पास करून दिलं. हसू नका, मोठ्यांनीही हेच केलंय. अर्न्स्ट अँड यंग या ऑडिट कंपनीला जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने १० कोटी डॉलर दंड केला. तिच्या ऑडिटरांनी परवान्यासाठीच्या एथिक्सच्याच परीक्षेत कॉपी केली होती, आणि चौकशीत कंपनीने ते दडवलं होतं. निदान प्रश्नांचा क्रम तरी बदला हो.

आता हॉटलाइन, कारण पॅकेजमधली खरी कामाची वस्तू तीच. गैरव्यवहार तपासणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२४ च्या अहवालात उघडकीला आलेल्या प्रकरणांपैकी ४३ टक्के कुणीतरी दिलेल्या खबरीतून बाहेर आली होती, आणि खबर देणाऱ्यांत निम्म्याहून जास्त त्याच कंपनीचे कर्मचारी. म्हणजे ऑडिट, कॅमेरे, सॉफ्टवेअर एकीकडे आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस एकीकडे.

मी ती वापरून बघितली. एका फाइलमध्ये तीन कोटेशन होती, तीन वेगवेगळ्या लेटरहेडवर. पण तिन्हींत ‘व्हॅलिडिटी’चं स्पेलिंग एकसारखं चुकलेलं, एका आयटमच्या कोडमध्ये शून्याऐवजी ‘ओ’ हे अक्षर, आणि तळाच्या अटी एकाच फॉन्टमध्ये. परचेसमध्ये याला सपोर्ट कोटेशन म्हणतात. ज्याला काम द्यायचं तोच आणखी दोघांची आणून देतो. हॉटलाइनच्या पोर्टलवर नाव न देता लिहिलं, फोटो जोडले. एक नंबर आणि पिन मिळाला. तिसऱ्या दिवशी पिन टाकून उघडलं तर प्रश्न आलेला, नेमकी कोणती पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर? म्हणजे पलीकडे कुणीतरी वाचत होतं, हे बघून बरं वाटलं. मी नंबर दिला आणि नंतर सहा आठवडे शांतता. एके दिवशी स्टेटस बदललं: ‘योग्य ती कारवाई करून बंद.’ काय कारवाई? मला कळलं ते वेगळ्याच वाटेने. त्या व्हेंडरच्या नावावर नवी पीओ टाकायला गेले तर सिस्टीमने ‘ब्लॉक’ दाखवलं. जीव मुठीत धरून लिहिणाऱ्याला निदान दोन ओळी सांगायला काय जातं?

तर कोर्सला पाचपैकी दोन तारे, त्यातला एक निव्वळ पाचव्या भागासाठी. हॉटलाइनला साडेतीन. मराठीला शून्य द्यायचं होतं, पण सिस्टीममध्ये एकच्या खाली तारा नाही.

एक राहिलं. नीट बघायच्या नादात माझा कोर्स मुदतीत झाला नाही. पुढच्या महिन्याच्या २ तारखेला रात्री संपला. आमच्या मजल्यावरचे निम्मे लोक असेच मागे राहिले होते. दोन दिवसांनी सगळ्यांना सर्टिफिकेट आलं. वर तोच उगवता सूर्य आणि खाली सगळ्यांची एकच तारीख, ३०. एचआरला विचारलं तर म्हणाले, रिपोर्टमध्ये शंभर टक्के दिसायला हवं होतं, म्हणून कोर्सवाल्यांकडून मागची तारीख टाकून घेतली. मी ते सर्टिफिकेट जोडून त्यांच्याच पोर्टलवर तक्रार टाकलीय, या वेळी नावासकट. स्टेटस अजून ‘ओपन’ आहे.