तळघरातली ओल आणि कॅमेरावाला

तळघरातली गळती ‘मशीनने शोधून देतो’ म्हणत कोणी दारात आलं, तर पैसे देण्याआधी हे वाचा. आमचे ६५,००० रुपये गेलेत.

छत्रपती संभाजीनगरात आमच्या दुकानाखालच्या तळघरात कापडाचे गठ्ठे असतात. ऐन एप्रिलात मागची भिंत पाझरू लागली. वॉटरप्रूफिंगवाल्याने भिंतीवर थर्मल कॅमेरा धरला, पडद्यावरचा निळा पट्टा दाखवला नि म्हणाला, “साहेब, जमिनीतला झरा आहे. भिंतीत केमिकल भरावं लागेल.” दर निपलमागे, म्हणजे केमिकल भरायला भोकात बसवतात त्या छोट्या नळीमागे, ठरला. भिंतीला भोकं पाडल्यावर निपलची संख्या दुपटीवर गेली. गॅरंटी दहा वर्षांची, तीही साध्या कागदावर. पक्कं बिल नाहीच.

तो कॅमेरा भिंतीच्या आतलं पाणी बघत नाही. पृष्ठभागाचं तापमान तेवढं दाखवतो. ओली जागा थंड, म्हणून निळी. भिंत कुठे ओली आहे हे हात लावूनही कळत होतं, पाणी कुठून येतं ते त्याने शोधलंच नाही. आणि एप्रिलात झरा? आजूबाजूचे बोअर आटलेले होते. पावसाळ्यात मुरलेलं पाणी खालच्या कातळावर अडून आडवं सरकतं, तेव्हा तळघराला ओल येते, हे खरं. उन्हाळ्यात आधी हौद, नळाची लाइन आणि ड्रेनेज बघायचं असतं.

केमिकल फुगून भेगा बुजल्या, पण पाणी पलीकडच्या कोपऱ्यातून यायला लागलं. “हा वेगळा झरा, वेगळे पैसे,” म्हणाला. मग फोन उचलणंच बंद.

शेवटी माझ्या बायकोच्या लक्षात आलं, की नळाला पाणी येऊन हौद भरला की ओल वाढते. आमच्याकडे जायकवाडीचं पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येतं, त्यामुळे हा फरक स्पष्ट दिसत होता. ओळखीच्या गवंड्याने हौद भरून घेतला, येणारा-जाणारा दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले, पाण्याच्या पातळीवर खूण केली आणि झाकण लावलं. सकाळी पाणी खुणेच्या बरंच खाली. पाइप शिरतो तिथलं प्लास्टर सुटलं होतं. दुरुस्ती किरकोळ खर्चात झाली.

हौदाची पातळी हलली नाही, तर बाथरूमच्या जाळीत रंगाचं पाणी ओतून भिंतीवर रंग उतरतो का बघा. पाझरलेल्या पाण्यात ओटी (ऑर्थोटोलिडिन) द्रावणाचे थेंब टाका, ग्रामपंचायतीत क्लोरिन तपासायला वापरतात तेच. पिवळं झालं तर नळाचं पाणी समजा. पिवळं झालं नाही म्हणून नळ सुटला असं मात्र नाही, कारण मातीतून येताना क्लोरिन संपतं.

आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. पक्कं बिल नसल्याने ऑनलाइन पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि त्याचे मेसेज जोडले. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, मुदत २ वर्षांची असते. आधी विचारायचं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.