ओकचं 'अस्सल' गेटलेग टेबल : चौदा महिन्यांनंतर (आणि एक स्क्रू)

गेल्या रविवारी पुरणपोळ्यांचं ताट ठेवायला आणि टेबलाची डावी झडप (फाटकासारख्या फिरणाऱ्या पायावर उघडणारी बाजूची फळी) खाली यायला एकच गाठ पडली. बिजागरीतून निसटलेला स्क्रू थेट कटाच्या आमटीत. काढला, धुतला, बघतो तर टोकदार!

रेडिंगजवळच्या एका दुकानातून ३४० पौंडांना घेतलं होतं. दुकानदाराच्या मते १६८० च्या आसपासचं. ही तेव्हाच म्हणाली होती की एवढ्यात नवं टेबल आणि सहा खुर्च्या आल्या असत्या. रोजच्या वापराला तक्रार नाही. फक्त ओली लोखंडी कढई ठेवू नका. ओकमधल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की काळंनिळं कडं उमटतं. आमच्याकडे एक आहे, त्यावर कायमची फुलदाणी.

आता स्क्रू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्क्रूला टोक नसायचं, बोथट असायचे. म्हणजे आमचं टेबल १९२०-३० च्या सुमारास गडद रंग फासून ढिगाने निघालेल्या 'जेकोबियन', म्हणजे सतराव्या शतकातल्या इंग्रजी शैलीची नक्कल करणाऱ्या मालातलं! मी त्याच रात्री दुकानाला तिखट मेल लिहिला.

सकाळी टॉर्च घेऊन टेबलाखाली आडवा झालो आणि मत बदललं. मधल्या फळीवर बिजागरीच्या शेजारी जुन्या खिळ्यांची चौकोनी भोकं, कडा गंजाने काळ्या. उजव्या झडपेवरही तशीच. पायांच्या जोडातल्या लाकडी खुंट्या हाताने तासलेल्या, गोल नाहीत, आणि लाकूड आकसल्यामुळे बोटाला किंचित वर आलेल्या लागतात. पट्टी लावली : लाकडाच्या रेषांच्या दिशेने १०६ सेंटिमीटर, आडवं १०४.५. लाकूड रेषांना आडवं आकसतं, त्यामुळे गोल टेबल वयानुसार असंच लांबट होतं.

डावी झडप मात्र वेगळीच निघाली. जुनं भोक एकही नाही, आणि खालच्या बाजूला चक्री करवतीच्या कमानदार खुणा. हातकरवतीच्या खुणा सरळ आणि वेड्यावाकड्या असतात. थोडक्यात, टेबल जुनं, झडप उसनी. स्क्रू बिचारा त्या झडपेचा.

दुकानदाराला फोन केला. "बिल वाचा," म्हणाला. खरंच, बारीक अक्षरात 'वयोमानाप्रमाणे दुरुस्त्या'. अहो, दुरुस्ती म्हणजे खुंटी बदलणं. एक तृतीयांश टेबल बदलणं म्हणजे दुरुस्ती? पैसे परत नाहीत, पुढच्या खरेदीवर ४० पौंडांची सूट. पुढची खरेदी! ही शेजारी उभी राहून हसत होती.

एवढंच समाधान की माझ्याहून शहाणे फसलेत. अमेरिकेत आर्मंड लामाँटेन या शिल्पकाराने १९६९ मध्ये जुन्या ब्रूस्टर खुर्चीची (सतराव्या शतकातली अमेरिकी लाकडी खुर्ची) नक्कल मुद्दाम केली आणि ती हेन्री फोर्ड म्युझियमने ९,००० डॉलर मोजून घेतली. भोकं आधुनिक ड्रिलची होती. त्यांच्याकडे एक्स-रे होता, माझ्याकडे आमटी.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा झडपेसाठी कापला, एक 'बिल वाचा'साठी. घेणार असाल तर टेबल उलटं करायला लावा. दुकानदार कुरकुरला तर समजून जा. बिजागरीला साधा नवा स्क्रू लावलाय. जुना वेलचीच्या डबीत ठेवलाय, हिला अजून कळलेलं नाही.