लायसन्स सर्व्हरचा पत्ता संगणकांना कसा द्यावा : तीन पद्धतींची तुलना

पणजीत मुख्य कचेरी, वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक खोली आणि मडगावात चार टेबलांची शाखा, असा पसारा असलेल्या अभियांत्रिकी किंवा वास्तुरचनेच्या कार्यालयाने नेटवर्क लायसन्स, म्हणजे एका सर्व्हरवर ठेवून संगणकांना वापरापुरते वाटले जाणारे सॉफ्टवेअरचे परवाने, घ्यायचे ठरवले, की सगळी चर्चा परवाने किती घ्यावेत यावरच होते. प्रत्येक संगणकाला सर्व्हरचा पत्ता कोणत्या मार्गाने द्यायचा, हा प्रश्न सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या माणसावर सोपवला जातो आणि तो त्या दिवशी त्याला सोपी वाटेल ती पद्धत वापरून निघून जातो. सर्व्हर एकदा बसवला की वर्षानुवर्षे कोपऱ्यात चालू राहतो, पण संगणक बदलतात, माणसे शाखा बदलतात, नव्या आवृत्त्या येतात, आणि दर वेळी हा पत्ता पुन्हा द्यावा लागतो.

मार्ग तीन आहेत : एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (विंडोजमध्ये नोंदवलेले, सॉफ्टवेअर वाचते असे मूल्य), प्रत्येक संगणकावर ठेवलेली लायसन्सची छोटी फाइल, आणि सर्व्हरचा आपोआप शोध. मॅटलॅब, अ‍ॅन्सिस किंवा ऑटोडेस्कची नेटवर्क परवान्यांवर चालणारी सॉफ्टवेअर फ्लेक्सनेट या परवाने वाटणाऱ्या व्यवस्थेवर बेतलेली असल्याने त्यांच्या बाबतीत निवड मुख्यतः पहिल्या दोन मार्गांत असते, तर सेंटिनेल या तशाच दुसऱ्या व्यवस्थेवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला तिसराही उपलब्ध असतो. ऑटोडेस्कच्या ग्राहकांनी एक गोष्ट आधीच तपासावी : या कंपनीने ऑगस्ट २०२० पासून नूतनीकरणाच्या वेळी नेटवर्क परवाने व्यक्तिनिहाय परवान्यांत बदलून देण्यास सुरुवात केली, त्यामुळे आपल्याकडे अजून सर्व्हर लागणारा करार आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढची तुलना व्यर्थ आहे.

फ्लेक्सनेटमध्ये सर्व्हरवर दोन प्रोग्रॅम चालतात. एलएमजीआरडी हा पहिला प्रोग्रॅम सहसा २७००० ते २७००९ यांपैकी एका पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या क्रमांक दिलेल्या दारावर, थांबलेला असतो. संगणक प्रथम त्याच्याकडे जातो आणि तो त्याला उत्पादकाच्या स्वतःच्या प्रोग्रॅमकडे पाठवतो. प्रत्यक्ष परवाना हा दुसराच देतो. सर्व्हरवरील लायसन्स फाइलमध्ये या दुसऱ्याचा पोर्ट निश्चित केलेला नसेल, तर सर्व्हर सुरू होताना दर वेळी तो बदलू शकतो, आणि मग फायरवॉलमध्ये पहिला पोर्ट उघडा असूनही परवाना मिळत नाही. हे काम आधी उरकावे, कारण पुढे ज्या तक्रारीचे खापर पत्त्यावर फोडले जाते, तिचे मूळ बहुधा इथे असते.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची पद्धत म्हणजे विंडोजमध्ये एक नाव आणि त्यापुढे ‘पोर्ट@सर्व्हर’ असे मूल्य नोंदवणे. मॅटलॅबसाठी एमएलएम_लायसन्स_फाइल आणि ऑटोडेस्कसाठी एडीएसकेफ्लेक्स_लायसन्स_फाइल अशी उत्पादकनिहाय नावे आहेत. एलएम_लायसन्स_फाइल हे सामायिक नावही चालते, पण ते फ्लेक्सनेटवरचे प्रत्येक सॉफ्टवेअर वाचते, त्यामुळे एका उत्पादकाचे सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या सर्व्हरचे दार ठोठावत बसते आणि सुरू व्हायला वेळ घेते. म्हणून उत्पादकनिहाय नावच वापरावे. या पद्धतीचा मोठा फायदा असा की डोमेन असलेल्या, म्हणजे सर्व संगणक एका केंद्रीय व्यवस्थेखाली असलेल्या कार्यालयात ग्रुप पॉलिसी या विंडोजच्या सोयीतून एकाच ठिकाणी केलेला बदल सर्व संगणकांपर्यंत पोहोचतो. पोर्टही लिहावा, तो न लिहिल्यास संगणक दहाही पोर्ट चाचपतो.

फाइलची पद्धत दिसायला अधिक पद्धतशीर वाटते. तिच्यात सर्व्हरचे नाव सांगणारी एक ओळ आणि बाकीचे सर्व सर्व्हरला विचारा असे सांगणारी दुसरी ओळ एवढेच असते, ती कोणालाही उघडून वाचता येते, आणि एका संगणकावर दोन आवृत्त्यांना दोन वेगवेगळे सर्व्हर दाखवायचे असतील तर तिच्याइतका सरळ उपाय नाही. मात्र फाइलची जागा उत्पादनानुसार बदलते, नवी आवृत्ती आली की नवी फाइल ठेवावी लागते, आणि तीस संगणकांपैकी दोन राहून गेले हे त्या टेबलावरचा माणूस ओरडेपर्यंत कळत नाही.

या दोहोंमध्ये निवड करताना एक लपलेली गोष्ट लक्षात ठेवावी लागते. परवाना एकदा मिळाला की फ्लेक्सनेट त्या सर्व्हरचा पत्ता विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या अंतर्गत नोंदवहीत, नोंदवून ठेवू शकते. पुढे सर्व्हर बदलून फाइल नवी ठेवली, तरी जुना पत्ता तिथे तसाच राहतो आणि सॉफ्टवेअर उघडताना बंद पडलेल्या सर्व्हरची वाट पाहत राहते. व्हेरिएबल रजिस्ट्रीच्या आधी वाचले जात असल्याने त्या पद्धतीत हा त्रास कमी जाणवतो, पण सर्व्हर बदलताना रजिस्ट्रीतील नोंद पुसणे दोन्ही पद्धतींत योग्यच.

तिसऱ्या पद्धतीत, म्हणजे आपोआप शोधात, संगणक आपल्या नेटवर्कवर सर्वांना उद्देशून हाक मारतो आणि सर्व्हर ओ देतो. सेंटिनेलच्या दोन व्यवस्थांपैकी आरएमएस यासाठी यूडीपी या संदेशपद्धतीचा ५०९३ हा पोर्ट वापरते आणि एलडीके १९४७ हा. फर्मागुडीसारख्या ठिकाणी अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत एकाच दालनात, एकाच स्विचला जोडलेले संगणक असतील तर याहून सुखाची पद्धत नाही. पण ही हाक राउटरच्या पलीकडे जात नाही. मडगावच्या संगणकाला पणजीचा सर्व्हर या मार्गाने कधीच सापडणार नाही, आणि वायफाय वेगळ्या उपजाळ्यावर (नेटवर्कच्या स्वतंत्र तुकड्यावर) असेल तर शेजारच्या खोलीतही हेच घडते. सुदैवाने दोन्ही सेंटिनेल व्यवस्थांत हा शोध टाळून सर्व्हरचा पत्ता स्पष्ट देता येतो, आणि दुसरी शाखा उघडण्याचा नुसता विचार असला तरी तसेच करावे.

पत्ता म्हणून सर्व्हरचे नाव द्यावे की आयपी, म्हणजे त्याचा आकड्यांतला पत्ता, यावर माझे मत ठाम आहे आणि ते अनुभवाने झाले आहे. फोंड्याच्या एका कार्यालयात सर्व संगणकांवर आयपी लिहिलेला होता. जुलैच्या एका रात्री वादळी पावसात वीज गेली, सकाळी राउटर आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाले, आणि राउटरने सर्व्हरला दुसराच आयपी दिला. सर्व्हर ठणठणीत होता, परवाने शिल्लक होते, पण अर्धा दिवस एकही आराखडा उघडला नाही. नाव दिले असते तर डीएनएसमधील, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या सेवेतील, एक नोंद सुधारून भागले असते. ज्या शाखेत डीएनएस धड चालत नाही, तिथे नाइलाजाने आयपी द्यावा, पण तो राउटरमध्ये त्या सर्व्हरसाठी राखून ठेवावा. सर्व्हरच्या लायसन्स फाइलमधील यंत्राचे नाव बदलले तरी परवाना बाद होत नाही. होस्टआयडी, म्हणजे त्या यंत्राची परवान्याला बांधलेली ओळख, बदलला तर होतो.

एकाऐवजी तीन सर्व्हरची जोडणीही फ्लेक्सनेटमध्ये शक्य आहे, पण तिच्यात तीनपैकी दोन सर्व्हर सतत चालू आणि एकमेकांशी जोडलेले लागतात. तीन शाखांत एकेक सर्व्हर ठेवून ही जोडणी करण्याचा मोह टाळावा. त्या खर्चात एका सर्व्हरला चांगला यूपीएस घेतलेला बरा.

शाखांमधील दुवा व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी जोडणीचा, असेल तर व्हेरिएबलचीच पद्धत घ्यावी आणि नाव पूर्ण, म्हणजे डोमेनसह, लिहावे, कारण व्हीपीएनवरून नुसते छोटे नाव पुष्कळदा ओळखले जात नाही. जिथे मोबाइलचे जाळे टिकत नाही अशा सत्तरी किंवा सांगेतील कामाच्या जागी लॅपटॉप नेणाऱ्यांसाठी मात्र व्हीपीएन निरुपयोगी आहे. त्यांनी परवाना उसना घ्यावा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी तो लॅपटॉपवरच उतरवून घ्यावा. मॅटलॅबमध्ये तो जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी मिळतो. उसना गेलेला परवाना सर्व्हरच्या मोजणीतून तेवढा काळ वजा होतो, म्हणून चवथीच्या सुट्टीला गावी जाण्याआधी प्रत्येकाने तो परत केला आहे का, हे बघणारा एक माणूस नेमावा. लॅपटॉप मधेच बिघडला तर तो परवाना मुदत संपेपर्यंत बहुधा कोणालाच वापरता येत नाही.