शून्य सरसकट बंद करू नका: ऑफिसच्या ईपीएबीएक्सवरचं स्पीड डायल आणि कॉल लॉक, वापरानंतरचा अनुभव

आमचं ऑफिस सीबीडी बेलापूरला आहे. काम कस्टम्स क्लिअरिंग आणि फॉरवर्डिंगचं. न्हावा शेवा बंदर, तिथले सीएफएस (कंटेनर ठेवण्या-तपासण्याची यार्डं), शिपिंग लाईन, कळंबोलीचे ट्रान्सपोर्टर, भिवंडीची गोदामं, सगळ्यांशी सकाळपासून फोन चालू असतात. मोबाईल प्रत्येकाकडे आहे, तरी टेबलावरचा फोन आमच्याकडे अजून खरा कामाचा आहे. पार्टीकडे नंबर ऑफिसचा जातो, माणूस रजेवर असला तरी फोन कोणीतरी उचलतं, आणि कॉलची नोंद राहते. गेल्या वर्षी जुनी सिस्टीम काढून नवी ईपीएबीएक्स, म्हणजे बाहेरच्या लाईनी टेबलांवरच्या फोनांना वाटून देणारं ऑफिसचं छोटं एक्स्चेंज, बसवली. तेव्हापासून तिचं प्रोग्रॅमिंग मी बघते. कोणत्या कंपनीची आहे ते लिहीत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते लहान ऑफिसातल्या बहुतेक ईपीएबीएक्सना लागू पडतं.

बसवायला आलेल्या माणसाने आधी ‘लॉक’ (कोणत्या फोनवरून कोणते नंबर लागू द्यायचे नाहीत ते) टाकून दिले आणि ‘स्पीड डायल (साठवलेला नंबर एक-दोन अंकांत लावायची यादी) तुम्ही सावकाश भरा’ असं सांगून तो गेला. हा क्रमच उलटा आहे. कोणाला कुठे फोन लावावा लागतो त्याची यादी आधी झाली पाहिजे, ती स्पीड डायलमध्ये गेली पाहिजे, आणि जे उरतं त्यावर लॉक बसला पाहिजे. या दोन सेटिंगा मॅन्युअलमध्ये वेगवेगळ्या पानांवर असतात, पण वापरात त्या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत.

आधी शून्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथे होतो. जुन्या काळी एसटीडी बंद करायची म्हणजे ० ने सुरू होणारं सगळं बंद करायचं. सोपा नियम होता. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून कोणत्याही मोबाईलला फोन लावताना आधी शून्य लावावं लागतं. मोबाईलसाठी सुमारे २५४ कोटी नवे नंबर मोकळे व्हावेत म्हणून ट्राय या दूरसंचार नियामकाच्या शिफारशीवरून दूरसंचार विभागाने हा बदल केला. त्यामुळे आज शून्य बंद केलं की एसटीडीबरोबर देशातले सगळे मोबाईलही बंद होतात. आमच्याकडे पहिल्या दिवशी नेमकं हेच झालं. ऑपरेशन्सच्या टेबलावरून एकाही ड्रायव्हरला फोन लागेना आणि सगळ्यांना वाटलं लाईनच खराब आहे.

मग मधला मार्ग म्हणून ०६, ०७, ०८, ०९ उघडे ठेवायचे आणि बाकी बंद, असं सुचवलं जातं, कारण मोबाईल नंबर ६ ते ९ ने सुरू होतात. त्यातही भोक आहे. अहमदाबाद ०७९, नागपूर ०७१२, बंगळुरू ०८०, पाटणा ०६१२. मोबाईल उघडले की ही गावं आपोआप उघडतात आणि पुणे ०२०, कल्याण ०२५१, भिवंडी ०२५२२ मात्र बंद राहतात. म्हणजे शेजारच्या भिवंडीला फोन लागत नाही आणि पाटण्याला लागतो. अंकांची लांबी बघूनही फरक करता येत नाही. शून्य धरून दोन्हीकडे अकराच अंक होतात.

माझं स्पष्ट मत असं की, तुमच्या प्लॅनमध्ये लोकल आणि एसटीडी एकाच पैशात असेल (आमच्या फायबरच्या लाईनवर आहे), तर देशातल्या देशात एसटीडी अडवण्याचा आटापिटा सोडून द्या. अडवायचं ते ००, म्हणजे आयएसडी. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. आमच्या सिस्टीमवर बाहेरची लाईन घ्यायलाही ० दाबावं लागतं. म्हणजे मोबाईलसाठी माणूस दोनदा शून्य दाबतो आणि परदेशासाठी तीनदा. पण लॉकच्या तक्त्यात लाईन घेण्याचं पहिलं शून्य मोजलं जात नाही, त्याच्या पुढचे अंकच तपासले जातात. म्हणून तक्त्यात फक्त ०० लिहायचं. तीन शून्यं लिहिली तर आयएसडी मोकळंच राहतं. सेटिंग झाल्यावर प्रत्येक वर्गातल्या (सारखीच परवानगी असलेल्या फोनांचा गट म्हणजे वर्ग) एका फोनवरून प्रत्यक्ष लावून बघा, कागदावर विश्वास ठेवू नका.

आयएसडीचा लॉक फक्त कर्मचाऱ्यांसाठी आहे असं समजणाऱ्यांना कळकळीने सांगते, मोठा धोका बाहेरून येतो. ईपीएबीएक्समध्ये डिसा नावाची सोय असते. बाहेरून ऑफिसच्या नंबरला फोन करायचा, कोड दाबायचा आणि ऑफिसच्या लाईनवरून पुढे तिसरीकडे फोन लावायचा. कोड कारखान्यातून आला तसाच, १२३४ सारखा राहिला असेल तर रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी कोणीही आत शिरून परदेशी कॉल लावू शकतं आणि बिल तुमच्या नावावर येतं. आम्हाला डिसाची गरज नव्हती, ती बंद केली. प्रोग्रॅमिंगचा पासवर्ड बदलला. एक्स्टेन्शनवरून (ऑफिसातल्या आतल्या फोनवरून) बाहेरच्या नंबरला कॉल फॉरवर्ड करण्याची सोयही ज्यांना लागते त्यांनाच ठेवली, कारण तीसुद्धा त्याच चोरवाटेचा भाग आहे.

आता स्पीड डायल. आमच्या सिस्टीममध्ये दोन प्रकार आहेत. एक सगळ्या ऑफिसची कॉमन यादी, ०० ते ९९ अशा शंभर जागांची. दुसरी प्रत्येक एक्स्टेन्शनची स्वतःची छोटी यादी, दहा जागांची. खरी ताकद कॉमन यादीत आहे, कारण तिच्याबरोबर एक सेटिंग येतं: यादीतून लावलेल्या नंबरला लॉक लागू करायचा की नाही. ‘लागू नाही’ असं ठेवलं की लॉक असलेल्या फोनवरूनही यादीतले नंबर लागतात. आमच्या पॅन्ट्रीतल्या आणि खालच्या सिक्युरिटीच्या फोनवर बाहेरचे सगळे कॉल बंद आहेत. पण पाणीवाला, लिफ्टवाला, सोसायटीचं ऑफिस, कुरिअर हे सगळे यादीत असल्याने त्यांना फोन लागतो. ‘अहो ताई, जरा लाईन द्या ना’ म्हणत रिसेप्शनला येणं त्यामुळे थांबलं. लॉक लोकांना जाचक वाटत नाही तो या यादीमुळे. माझ्या दृष्टीने सगळ्या सिस्टीममधली ही सर्वांत मोलाची सोय आहे.

याच सोयीची दुसरी बाजूही सांभाळावी लागते. यादी लॉकच्या वर चढते, म्हणजे यादीत नंबर घालू शकणारा माणूस प्रत्यक्षात कुलूप उघडू शकतो. दुबईच्या एजंटचा नंबर कोणी कॉमन यादीत टाकला की तो सिक्युरिटीच्या फोनवरूनही लागेल. काही सिस्टीममध्ये यादीचे भाग पाडून वरचा भाग ठरावीक वर्गालाच देता येतो. आमच्यात तशी सोय नाही. म्हणून परदेशी नंबर कॉमन यादीत घालायचेच नाहीत असा नियम केला. ते साहेबांच्या आणि एक्स्पोर्ट बघणाऱ्या मॅडमच्या खाजगी यादीत आहेत. खाजगी यादीला लॉक लागू राहतो, त्यामुळे तिथून आयएसडी लागायचं तर त्या फोनला मुळात परवानगी हवी. ती आम्ही कोड मागून दिली आहे. कोड दाबला तरच ०० पुढे सरकतं, आणि कोणाच्या कोडवर किती बोलणं झालं ते रिपोर्टमध्ये दिसतं. कॉमन यादी बदलण्याचा अधिकार दोघांकडेच ठेवला.

यादीचे नंबर नावाच्या आद्याक्षरावरून लावू नका, कामावरून लावा. आमच्याकडे दहाच्या घरात बंदर आणि सीएफएस, विसाच्या घरात शिपिंग लाईन, तिसाच्या घरात ट्रान्सपोर्टर, चाळीसच्या घरात बँका आणि ऑडिटर, नव्वदच्या घरात इमारतीची कामं. प्रत्येक घरात दोन-तीन जागा मोकळ्या. आठवडाभरात लोकांच्या बोटांना सवय झाली, ‘बावीस लाव’ एवढं म्हटलं की पुरतं. ड्रायव्हरांचे नंबर मी यादीत घेत नाही. ते इतक्या वेळा बदलतात की यादीवरचा विश्वासच जातो. एकदा चुकीच्या माणसाला दोनदा फोन लागला की लोक यादी वापरायचं सोडतात आणि पुन्हा मोबाईल उघडून नंबर शोधतात. यादीचा मराठीत छापलेला, लॅमिनेट केलेला कागद प्रत्येक फोनशेजारी आहे, कारण साध्या फोनवर नाव दिसत नाही. नाव दाखवणारे डिस्प्लेवाले फोन आमच्याकडे रिसेप्शनला आणि साहेबांच्या केबिनमध्येच आहेत. ही उणीव मला अजून जाणवते.

नंबर भरताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मोबाईलमधून उतरवलेल्या नंबरांना पुढे अधिक चिन्ह आणि ९१ असतं, ते काढून जागी ० घालायचं. टेबलावरच्या साध्या फोनला अधिक चिन्ह कळत नाही. लाईन घेण्याच्या शून्यानंतर एक पॉझ टाकायचा. ईपीएबीएक्स इतक्या भराभर अंक सोडते की बाहेरचा टोन येण्याआधीच पुढचं शून्य हवेत जातं. मग मोबाईल नंबर शून्याविना जातो आणि समोरून भलतीच घोषणा ऐकू येते. आणि जिथे ‘इंग्रजीसाठी एक दाबा’ छापाचं यंत्र उचलतं, तिथे नंबरानंतर पॉझ देऊन पुढचा अंकही साठवता येतो. एका शिपिंग लाईनच्या डीओ (डिलिव्हरी ऑर्डर) काउंटरसाठी मी हे केलंय आणि आमच्या मुलांचा रोजचा वैताग गेला. फक्त त्यांनी मेनू बदलला की आपला अंकही बदलावा लागतो.

यापुढचं मात्र प्रत्येकाने आजच तपासावं असं मला मनापासून वाटतं. जुन्या सिस्टीममध्ये आमची एक्स्टेन्शन १०१ पासून सुरू होत होती. बहुतेक ऑफिसांत तशीच असतात. आग लागली आणि घाबरलेल्या माणसाने फोन उचलून १०१ दाबलं, तर अग्निशमन दलाऐवजी अकाउंट्सचा फोन वाजेल. १०८ दाबलं तर अ‍ॅम्ब्युलन्सऐवजी गोदामाच्या टेबलावर घंटी. आधी शून्य दाबून लाईन घ्यायची, हे अशा वेळी कोणाला आठवणार? नवी सिस्टीम आली तेव्हा मी आग्रह धरला आणि सगळी एक्स्टेन्शन २०१ पासून घेतली. कार्ड, ई-मेलची सही, पार्ट्यांना दिलेले नंबर, सगळं बदलावं लागलं. कुरकुर झाली, पण मी हटले नाही. त्यानंतर ११२, १०१ आणि १०८ हे नंबर लाईन न घेता थेट लागतील असे तक्त्यात घातले आणि सर्व वर्गांच्या लॉकमधून कायमचे मोकळे ठेवले. पॅन्ट्रीचा फोन, सिक्युरिटीचा फोन, रात्रीचा मोड (ठरावीक वेळेनंतर आपोआप लागणारा कडक लॉक), कशानेही ते अडत नाहीत. तुमच्या सिस्टीमला हे जमत नसेल तर निदान एक्स्टेन्शनचे आकडे तरी बदला.

रात्रीच्या मोडचं सांगायचं तर तो सरसकट लावणं आमच्या कामाला मानवत नाही. जहाज आणि कंटेनर यार्ड घड्याळ बघून चालत नाहीत, ऑपरेशन्सचं टेबल रात्रीही चालू असतं. म्हणून त्या टेबलाचा वर्ग दिवसरात्र एकच ठेवला, बाकीचे फोन संध्याकाळनंतर फक्त यादीवर. सिस्टीमचं घड्याळ महिन्यातून एकदा तपासावं. आतली बॅटरी उतरली आणि वीज जाऊन आली की वेळ चुकते, आणि भर दुपारी रात्रीचा मोड लागतो.

लॉक हुद्द्याप्रमाणे द्यायचा नाही, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. वरच्याला सगळं उघडं, खालच्याला सगळं बंद, हे दिसायला सरळ दिसतं. पण आमच्याकडे सगळ्यात जास्त बाहेर फोन लावणारा माणूस सगळ्यात नवा मुलगा आहे, जो दिवसभर ट्रान्सपोर्टरच्या मागे असतो. वर्ग ठरवताना मी प्रत्येकाला विचारलं, ‘तुम्हाला दिवसात कोणाकोणाला फोन लावावा लागतो?’ अकाउंट्सच्या काकांनी स्वतःहून सांगितलं की त्यांना यादीपलीकडे काहीच लागत नाही. विचारून दिलेल्या लॉकबद्दल आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

नवी सिस्टीम घेणार असाल तर विक्रेत्याला पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा आणि उत्तर त्याच्याच मशीनवर करून दाखवायला सांगा. कॉमन यादी लॉकच्या वर चढते का, आणि ते वर्गावार बंद करता येतं का? ११२ लाईन न घेता थेट लागतो का? आणि सगळं प्रोग्रॅमिंग फाईलमध्ये काढून आपल्याला देता येतं का? शेवटच्या प्रश्नाला अनेकजण टाळाटाळ करतात, कारण फाईल त्यांच्याकडेच राहिली की एएमसीही (देखभालीचा वार्षिक करार) त्यांच्याकडेच राहते. आम्ही ती फाईल आणि मास्टर पासवर्ड बसवण्याच्या कागदपत्रांत लेखी मागून घेतला. यादीत मोठा बदल केला की नवी फाईल काढून पेनड्राईव्हवर तिजोरीत ठेवतो.